हातभर जहाज, हजार तास: लाकडी जहाजांची मॉडेल्स नेमकी बनतात तरी कशी?

डिसेंबर १८१२ ची गोष्ट. ‘जावा’ नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज इंग्लंडहून मुंबईला निघालं होतं. त्यावर मुंबईच्या फौजेचा नवा सरसेनापती थॉमस हिस्लॉप होता, मुंबईच्या गोदीत तयार होणाऱ्या एका जहाजासाठी तांबं होतं आणि कागदाची एक गुंडाळी होती. त्या गुंडाळीत एका नव्या जहाजाचे आराखडे होते.

ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. काही तासांच्या लढाईत ‘जावा’ इतकं मोडलं की ते ओढून नेण्यातही अर्थ उरला नव्हता. अमेरिकनांनी ते जाळून टाकलं. हिस्लॉप वाचला, आणि पाच वर्षांनी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला, ती गोष्ट वेगळी. आराखडे मात्र गेले ते गेलेच.

मुंबईत कुशल सुतार होते, मलबारचं सागवान होतं, गोदी होती. पण आराखडेच नाहीत म्हटल्यावर जहाज बांधणार कशावरून? इंग्लंडहून दुसरी प्रत यावी लागली. शेवटी १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. त्याचं नाव ‘ट्रिंकोमाली’. हे मुंबईकर जहाज आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभं आहे, आणि युरोपातलं अजूनही तरंगतं असलेलं सर्वांत जुनं लढाऊ जहाज म्हणून ओळखलं जातं.

आता ही गोष्ट इथे कशाला? तर जगभरात हजारो लोक घरच्या टेबलावर अशीच जहाजं पुन्हा बांधतात. फळी फळी जोडून, दोर दोर ओढून, फक्त साठ-सत्तर पट लहान. आणि त्यांचंही काम तिथेच सुरू होतं, जिथे वाडियांचं अडलं होतं: आराखड्यापाशी.

हे शोपीस नाही का?

नाही. गोव्याच्या किंवा मालवणच्या दुकानात शिडाचं जहाज मिळतं, ते शोभेचं. दिसायला छान, पण जहाजाचा एक साधारण आकार घेऊन केलेलं. स्केल मॉडेल म्हणजे एखादं ठरावीक जहाज, एखाद्या ठरावीक वर्षी जसं होतं तसं, ठरावीक प्रमाणात लहान केलेलं.

ब्रिटिश नौदलाच्या जुन्या जहाजांचे हजारो मूळ आराखडे ग्रीनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये जपलेले आहेत. त्यांच्या प्रती विकत मिळतात. बहुतेक आराखडे १:४८ या प्रमाणात आहेत, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट कागदावर पाव इंच. एकाच कागदावर जहाज तीन बाजूंनी काढलेलं असतं: बाजूने, वरून आणि समोरून. समोरून काढलेल्या चित्रात एक गंमत असते. जहाज दोन्ही बाजूंना सारखं, म्हणून अर्धंच काढायचं. मग उजव्या अर्ध्यात नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाकडचे काप आणि डाव्या अर्ध्यात मागचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कांद्याच्या चकत्यांसारखं दिसतं. ज्याला ते वाचता आलं, त्याच्यासाठी पूर्ण जहाज त्या रेषांमध्ये असतं.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. ‘ट्रिंकोमाली’चा तोफांचा मजला सुमारे ४६ मीटर लांब आहे. १:४८ ने तो ९५ सेंटिमीटर होतो, १:६४ ने ७२ आणि १:९६ ने ४८, म्हणजे बरोबर हातभर. पुढे आलेलं डोलकाठीचं टोक आणि मागचा भाग धरला तर लांबी आणखी बरीच वाढते, उंचीही जवळपास तेवढीच. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जहाज सुरू करण्याआधी ते ठेवणार कुठे हे मोजून घ्यावं, हा या छंदातला सगळ्यात दुर्लक्षित सल्ला.

१:६४ च्या जहाजावर पाच फूट सात इंचांचा खलाशी पावणेतीन सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमी भरतो. सुरुवात करणाऱ्यांनी पुठ्ठ्याचा असा एक माणूस कापून कायम जवळ ठेवावा. दरवाजा, जिना, कठडा, तोफ, काहीही बसवताना त्याला शेजारी उभं करायचं. खलाशाच्या डोक्यापर्यंत येणारा कठडा किंवा गुडघ्याएवढा दरवाजा लगेच पकडला जातो.

किट, ओंडका की फासळ्या?

बांधायच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत जहाजाचा सांगाडा नसतोच, लाकडाचा एकच ठोकळा तासून आकार द्यायचा. लहान होड्यांसाठी ही पद्धत अजूनही उत्तम.

दुसरी सगळ्यात लोकप्रिय, आणि बाजारातली बहुतेक किट्स याच पद्धतीची. मधोमध एक लांब फळी, म्हणजे जहाजाचा कणा. त्यावर प्लायवुडचे आडवे काप खाचांमध्ये उभे करायचे, माशाच्या काट्यासारखे. त्यावरून पातळ पट्ट्या चिकटवत गेलं की जहाजाचं अंग तयार होतं. इटलीतल्या आणि स्पेनमधल्या कंपन्यांची किट्स जगभर जातात. भारतात ती बहुतेक आयात केलेलीच मिळतात, त्यामुळे महाग पडतात.

तिसरी पद्धत खऱ्या जहाजासारखी. प्रत्येक फासळी लाकडाचे अनेक तुकडे जोडून करायची. खऱ्या जहाजातही फासळी एका लाकडाची नसायची, कारण तेवढी वाकडी फांदी कुठल्याच झाडाला नसते. शेजारच्या तुकड्यांचे सांधे एकमेकांसमोर येऊ द्यायचे नाहीत, म्हणजे ताकद टिकते. या पद्धतीत अनेक जण खालचा भाग फळ्यांनी झाकतच नाहीत, फासळ्या उघड्या ठेवतात. ही फॅशन जुनी आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नौदलाच्या जहाजांची अशीच उघड्या अंगाची मॉडेल्स बनत, तीही १:४८ नेच. त्यातली बरीच ग्रीनिचला आणि अमेरिकेत ॲनापोलिसच्या नौदल संग्रहालयात पाहता येतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम कसं होतं, रंग कुठे होता, हे अनेक जहाजांच्या बाबतीत या मॉडेल्समुळेच कळतं.

सपाट पट्टी, गोल जहाज

नवशिके जिथे हात टेकतात ती पहिली जागा म्हणजे फळ्या बसवणं. बाहेरून वाटतं, पट्ट्या एकाखाली एक चिकटवत जायच्या. तसं केलं तर चार-पाच पट्ट्यांनंतर नाळेजवळ पट्टी उभी राहते, तिची कड वर येते, कितीही दाबली तरी बसत नाही.

का? कारण जहाज पोटात रुंद आणि नाळेकडे निमुळतं. समजा जहाजाच्या मध्यावर वरपासून तळाच्या कण्यापर्यंत अंतर १५ सेंटिमीटर आहे, आणि नाळेजवळ ते ८ च भरतं. पट्टी ५ मिलिमीटरची असेल तर मध्यावर ३० पट्ट्या लागतील. आता त्याच ३० पट्ट्यांना नाळेजवळच्या ८ सेंटिमीटरमध्ये बसायचंय. म्हणजे तिथे प्रत्येकीची रुंदी साधारण २.७ मिलिमीटर हवी. म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला तासून निमुळती करावी लागते. एकही सरळ चिकटवायची नाही.

इथे सुतारांचा एक जुना नियम आहे: पट्टी निम्म्यापेक्षा अरुंद करू नये. त्याहून बारीक टोकात खिळा बसत नाही, फळी फाटते. तशी वेळ आलीच तर दोन पट्ट्या नाळेच्या थोडं अलीकडे थांबवून तिथून पुढे एकच पट्टी न्यायची. मागच्या बाजूला उलटा प्रश्न येतो. तिथे सुकाणूकडे अंतर वाढतं आणि पट्ट्यांमध्ये फट पडते, मग पाचरीच्या आकाराचा जास्तीचा तुकडा घालावा लागतो. मॉडेल करणाऱ्याने हे नियम मुद्दाम ऐतिहासिक दिसावं म्हणून पाळायचे नसतात. लाकूडच ते पाळायला लावतं. मुंबईच्या गोदीतल्या सुतारासमोर जो प्रश्न होता, तोच टेबलावर साठ पट लहान होऊन येतो.

वाकवण्यासाठी पट्टी गरम पाण्यात भिजवतात आणि गरम इस्त्रीवरून, हेअर ड्रायरने किंवा केस सरळ करायच्या मशीनने आकार देतात. मग कपड्यांचे चिमटे लावून वाळू द्यायचं. फेविकॉलसारखा पांढरा डिंक बरा, कारण जागा चुकली तर पट्टी सरकवायला वेळ मिळतो. झटपट चिकटणारा गोंद लाकडावर सांडला की त्या जागी पॉलिश शोषलं जात नाही आणि शेवटी चकाकणारा डाग दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी सांगूनही अनेक जण विसरतात. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. आधी एक बाजू पूर्ण करू, मग दुसरी, असं केलं तर वाळताना ताण एकाच बाजूला येतो आणि कणा केळ्यासारखा वाकतो. हे महिन्याभराने लक्षात येतं आणि दुरुस्त होत नाही.

बहुतेक किट्समध्ये फळ्यांचे दोन थर असतात. पहिला जाड, त्यावर लांबी भरायची, घासायचं. वरचा अर्ध्या मिलिमीटरचा, दिसायला सुंदर. पहिल्या थरातल्या चुका वरच्या थराखाली लपतात, म्हणून पहिलं जहाज दोन थरांचं घ्यावं.

डेकच्या फळ्यांमधल्या काळ्या रेषा कशा आल्या, असं अनेकांना वाटतं. खऱ्या जहाजात फटींमध्ये जुन्या दोरांचा काथ्या ठासून वर डांबर ओतत. मॉडेलमध्ये प्रत्येक पट्टीच्या कडेवर पेन्सिल फिरवतात. एवढंच. फळ्यांची लांबीही मोजून घ्यावी लागते. खरी फळी सहा-सात मीटरची, म्हणजे १:६४ ने जेमतेम नऊ ते अकरा सेंटिमीटर. किटमधली लांब पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लावली, की जाणकाराला लांबूनच कळतं.

सागवानाचं जहाज, पण सागवान नको

‘ट्रिंकोमाली’ सागवानाचं आहे. ओकच्या लाकडातल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, सागवानातल्या तेलामुळे ते टिकतात. हे जहाज दोनशे वर्षं टिकलं त्यात याचा मोठा वाटा आहे. मग तिचं मॉडेलही सागवानाचंच करावं ना?

नेमकं तेच करू नये. सागवानाची छिद्रं आणि रेषा मोठ्या असतात. साठ पट लहान फळीवर त्या तशाच मोठ्या दिसतात, जणू फळीवर बोटभर रुंद भेगा पडल्यात. लाकूडही प्रमाणात हवं. म्हणून मॉडेलसाठी बारीक, एकसारख्या रेषांचं लाकूड लागतं. युरोपात बॉक्सवुड, नासपतीचं लाकूड, लाइम आणि अक्रोड वापरतात. आपल्याकडे हेदूचं पिवळसर लाकूड बारीक पोताचं आहे. चन्नपटणाची खेळणी ज्या पांढऱ्या लाकडाची होतात, तो काळा कुडाही घट्ट आणि गुळगुळीत. शोधाशोध करायची तयारी हवी, कारण वखारीत अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कोणी कापून देत नाही.

लाकूड घासताना मास्क घालाच. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात जाणं कर्करोगाला कारण ठरतं, हे वैद्यकशास्त्रात मान्य झालेलं आहे. बंद खोलीतला छंद असल्याने याकडे जास्तच लक्ष हवं.

दोरांचं जंगल

जहाजाचं अंग पूर्ण झालं की बघणाऱ्यांना वाटतं, संपलं. खरं तर निम्मं झालेलं असतं. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता असं सांगतात. ‘ट्रिंकोमाली’ त्याहून लहान, तरी दोर शेकड्यांनी.

हे दोर दोन प्रकारचे. काही कायम ताणलेले, डोलकाठ्या उभ्या ठेवणारे. ते डांबर लावून काळे केलेले. बाकीचे हलते, शिडं आणि शिडांच्या आडव्या काठ्या, म्हणजे परबाणं, वर-खाली करणारे. ते भुरे. मॉडेलवर काळा आणि भुरा दोरा का, याचं उत्तर हे.

दोराची जाडी ठरवताना एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. जुन्या ब्रिटिश तक्त्यांमध्ये ‘८ इंची दोर’ लिहिलेलं असतं. हे माप दोराच्या घेराचं असतं, जाडीचं नाही. ८ इंच घेर म्हणजे जाडी अडीच इंचांच्या आसपास, ६५ मिलिमीटर. १:६४ ने भागलं की १ मिलिमीटर. ज्याने घेर हीच जाडी समजली, त्याच्या जहाजावर तिप्पट जाड दोर लागतात आणि जहाज गाठोड्यासारखं दिसतं.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांवर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोर असतात. खलाशी त्यावरून वर चढत. दोन पायऱ्यांमध्ये साधारण सव्वा फूट अंतर, म्हणजे मॉडेलवर ६ मिलिमीटर. प्रत्येक उभ्या दोरावर प्रत्येक पायरीची वेगळी गाठ, स्काऊटच्या मुलांना पहिल्यांदा शिकवतात ती क्लोव्ह हिच. समजा उभे दोर आठ आणि पायऱ्या तीस. एका डोलकाठीच्या एका बाजूला २४० गाठी. तीन डोलकाठ्या आणि दोन बाजू धरल्या की आकडा हजाराच्या पुढे जातो. एक गाठ जास्त ओढली गेली की दोन उभे दोर जवळ येतात आणि शिडीला कंबर पडते. म्हणून मागे रेघा मारलेला कागद लावतात, मधूनच थांबून लांबून बघतात. एका बैठकीत दहा पायऱ्या झाल्या तरी पुष्कळ. इथे घाई केली तर उलगडायला दुप्पट वेळ लागतो.

चांगले मॉडेलकार विकतचा दोरा वापरत नाहीत. छोट्या यंत्रावर बारीक दोरे पीळ देऊन आपला दोर स्वतः वळतात, हव्या त्या जाडीचा. तीन-चार मिलिमीटरच्या कप्प्यांमधून तो ओवताना सुईची गरज पडू नये म्हणून टोकाला गोंद लावून ते कडक करतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कौशल्याने लहान होत नाही, ती म्हणजे दोराचं वजन. खरा जाड दोर स्वतःच्या भाराने झोकदार लोंबतो. दोऱ्याला तेवढं वजन नसतं, तो तारेसारखा ताठ उभा राहतो. मग पातळ केलेला डिंक लावून, खाली चिमटा अडकवून तो लोंबता वाळवायचा. डेकवर गुंडाळून ठेवलेल्या दोरांच्या वेटोळ्यांचंही तसंच. शिडांचीही हीच अडचण. मलमलसुद्धा साठ पट मोठी केली तर गोधडीएवढी जाड भरते. म्हणून बरेच जण शिडं लावतच नाहीत, आणि त्यात चूक काही नाही. बंदरात उभ्या जहाजाची शिडं काढलेली असायचीच.

हाडांची जहाजं आणि एक उपयोगी भेटवस्तू

हा छंद फुरसतीतल्या श्रीमंतांचा, असं वाटत असेल तर नॉर्मन क्रॉस आठवावं. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ १७९७ मध्ये युद्धकैद्यांसाठी मोठी छावणी उभी राहिली. फ्रान्सशी चाललेल्या लढायांत पकडलेले हजारो खलाशी आणि सैनिक तिथे वर्षानुवर्षं अडकून होते. त्यांच्याजवळ लाकूड आणि हत्यारं जेमतेम. जेवणात आलेली मटणाची हाडं मात्र होती. ती स्वच्छ करून, चिरून त्यांनी फळ्या केल्या, आणि दोरांसाठी केस, रेशीम असं मिळेल ते वापरलं. छावणीच्या बाजारात ती जहाजं विकली जात. पीटरबरोच्या संग्रहालयात ती आजही आहेत. कैद्यांजवळ आराखडे नव्हते, आठवणीतूनच काम चाले. त्यामुळे डोलकाठ्या थोड्या जास्त उंच, तोफा थोड्या मोठ्या, असं दिसतं. पण दोर कुठून कुठे जातो हे त्यांना कोणाला विचारावं लागत नव्हतं. आयुष्य त्यातच गेलं होतं.

दुसरं मॉडेल अमेरिकेतलं, आणि ते सुरुवातीच्याच ‘कॉन्स्टिट्यूशन’चं. जहाजाच्या खलाशांनीच ते आपला कप्तान आयझॅक हल याच्यासाठी केलं. हलने ते सेलम गावातल्या एका संस्थेला दिलं, आज ते तिथल्याच पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये आहे. खरं ‘कॉन्स्टिट्यूशन’ बॉस्टनला अजून तरंगतं आहे. पण दोनशे वर्षांत डागडुजी करताना त्यातलं बरंच काही बदललं. जहाज १८१२ मध्ये कसं दिसत होतं हे शोधताना दुरुस्ती करणाऱ्यांनी हे मॉडेल समोर ठेवलं. ज्या जहाजामुळे मुंबईला निघालेले आराखडे बुडाले, त्याच जहाजाचं रूप एका खेळण्याएवढ्या मॉडेलने सांभाळून ठेवलं.

काचेच्या पेटीतला शत्रू

एवढे तास घालवल्यावर मॉडेल काचेच्या पेटीत ठेवायचंच. धूळ दोरांवर बसली की निघत नाही. पण पेटीही धोक्याची असू शकते.

जुन्या मॉडेल्सवरच्या शिशाच्या तोफा, नांगर, मूर्ती काही वर्षांनी पांढऱ्या पावडरीत बदलतात. बंद पेटीत लाकडातून, प्लायवुडमधून आणि गोंदातून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते आणि ती शिसं खाते. ओक यात सगळ्यात वाईट. मोठमोठ्या संग्रहालयांना याचा फटका बसलेला आहे. उपाय सोपे आहेत: शिशाऐवजी पितळ वापरावं आणि पेटीला हवा खेळेल अशी बारीक भोकं ठेवावीत. जुन्या किटमधले राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठणारे भाग दिसले तर ते बदलून टाकावेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातला दमटपणा वेगळाच. दमटपणा बदलला की दोरांचा ताणही बदलतो. म्हणून शेवटचे दोर भर पावसाळ्यात घट्ट बांधू नयेत.

सुरुवात करायची तर

समोर शंभर तोफांचं जहाज दिसतं आणि तेच घ्यावंसं वाटतं. इथेच बहुतेक किट्सचा शेवट होतो, माळ्यावर. आठवड्याला सहा तास दिले तर हजार तासांना तीन वर्षांहून जास्त लागतात. आधी एका डोलकाठीची होडी करावी. धारदार कटर, बारीक पॉलिश पेपर, छोटा रंधा, चिमटा, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि स्टीलची पट्टी एवढ्यावर ती होते. इंटरनेटवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या किट्सपासून सावध राहा. त्यातली काही दुसऱ्याच्या डिझाइनची सरळ नक्कल असतात, आणि मूळ आराखडे करणाऱ्याला एक पैसा जात नाही.

चांगलं मॉडेल ओळखायचं असेल तर एक दोर निवडा आणि नजरेने त्याच्या मागे जा. तो कप्पीतून गेला पाहिजे आणि शेवटी कुठेतरी बांधलेला असला पाहिजे. हवेत संपणारा दोर शोपीसवरच दिसतो.

ज्या होडीचा आराखडाच नाही

आता एक अडचण, जी आपल्या किनाऱ्याची आहे. ब्रिटिश जहाजांचे कागद आहेत. केरळमध्ये बेपूरला बांधले जाणारे लाकडी उरू मात्र पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवाय बांधले गेले. सगळी मापं मेस्त्रीच्या डोक्यात. कोकणातले मचवे आणि होड्याही अशाच बांधल्या गेल्या. आता बंदरांत फायबरच्या होड्या वाढल्यात, आणि लाकडी होडी किनाऱ्यावर उलटी पडून कुजते तेव्हा तिचं माप कोणाकडेच उरत नाही.

पण आराखडा नसेल तर तो काढता येतो. ‘ट्रिंकोमाली’चा तरी कुठून आला? १७८२ मध्ये ब्रिटिशांनी ‘हेबे’ नावाचं फ्रेंच जहाज पकडलं. ते इतकं आवडलं की त्याची सगळी मापं घेऊन रेषा कागदावर उतरवल्या. त्यावरून ‘लेडा’ नावाचं जहाज झालं, आणि त्याच वर्गातली चाळीसहून जास्त जहाजं. मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ त्यातलंच एक.

वीस-पंचवीस फुटांच्या होडीसाठी हे काम दोन माणसं एका दिवसात करू शकतात. मालकाला विचारून, भरतीची वेळ बघून, होडी किनाऱ्यावर असताना. आधी पाण्याच्या नळीने लेव्हल बघून होडी सरळ टेकवायची. तिच्या बाजूने जमिनीवर एक दोरी सरळ ताणायची, आणि तिच्यावर दर फुटाला खूण करायची. प्रत्येक खुणेवर उभी पट्टी धरायची, ओळंब्याने सरळ करायची. मग पट्टीपासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर मोजायचं, दर सहा इंच उंचीला एकदा. वहीत तक्ता करायचा: खूण, उंची, अंतर. नाळेचा आणि मागच्या टोकाचा आकार पुठ्ठा कापून घ्यायचा. फळ्यांची रुंदी, जाडी, खिळे कुठे आहेत, सांधा कुठे आहे, आतल्या फासळ्या किती अंतरावर आहेत हे सगळं फोटोसकट, फोटोत पट्टी ठेवून. प्रत्येक भागाला मालक किंवा मेस्त्री काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं.

आणि मापं दोन्ही बाजूंची घ्यायची. कागदावरचं जहाज दोन्हीकडे सारखं असतं. हाताने बांधलेली होडी बहुतेक वेळा एका बाजूला बोटभर जास्त भरते.